बेनिफिट मिळत नसतानाही घराच्या इन्सुलेशनला मदत: ब्रिटनमधील मराठी कुटुंबांसाठी

ब्रिटनमध्ये घर उबदार करण्यासाठी मिळणाऱ्या मदतीचा विषय निघाला की आपल्यापैकी बरेच जण पहिल्याच पायरीवर थांबतात. ‘आम्ही काही बेनिफिट घेत नाही, तेव्हा ते आमच्यासाठी नाही’, हे उत्तर नोकरी करणाऱ्या, वेळच्या वेळी कर भरणाऱ्या आणि व्हिसाच्या अटी जिवापाड जपणाऱ्या मराठी घरांमध्ये इतके पक्के झालेले आहे की पुढची चौकशी होतच नाही. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. युनिव्हर्सल क्रेडिट किंवा पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना आणि निवृत्तांना मिळणारे सरकारी भत्ते) मिळणाऱ्यांना या योजनांत प्रवेश सोपा असतो हे खरे. पण तो अनेक वाटांपैकी एक आहे. काही ठिकाणी घरातील सर्वांचे मिळून उत्पन्न पाहिले जाते, काही ठिकाणी केवळ पोस्टकोड पाहिला जातो, आणि काही सवलती अशा आहेत की तुमचा पगार किती, हे कोणी विचारतही नाही.

गोंधळ होण्याचे मुख्य कारण असे की ‘ग्रँट’ या एका नावाखाली येथे अगदी वेगवेगळ्या गोष्टी खपतात. सरकारने काउन्सिलमार्फत दिलेला पैसा ही एक गोष्ट. वीज आणि गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांवर कायद्याने टाकलेली जबाबदारी ही दुसरी. कराची सूट आणि कमी व्याजाचे कर्ज या आणखी निराळ्या. प्रत्येकीचे नियम वेगळे आहेत, मुदती वेगळ्या आहेत आणि पैसा कोणाच्या खिशातून येतो हेही वेगळे आहे. म्हणून कोणतीही जाहिरात वाचताना ‘किती मिळणार’ याआधी ‘हे पैसे कोण देणार आणि माझी कोणती गोष्ट तपासून देणार’, असे विचारले की निम्मा गुंता तिथेच सुटतो.

आधी घर पाहावे, मग योजना

जवळजवळ सगळ्या योजनांचा पहिला प्रश्न घराविषयी असतो. घराचे एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट, म्हणजे ज्याला सगळे ईपीसी म्हणतात ते, ए पासून जी पर्यंतची श्रेणी दाखवते आणि दहा वर्षे वैध असते. घर विकताना किंवा भाड्याने देताना ते लागतेच, त्यामुळे बहुतेक घरांचे ईपीसी सरकारी नोंदवहीत आधीपासून असते आणि पोस्टकोड टाकून ते इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. डी ते जी या श्रेणींतील घरांसाठी मदतीची दारे उघडी असतात. सी आणि त्यावरच्या श्रेणीत ती बहुधा बंद होतात. श्रेणी गुणांवर ठरते: ५५ ते ६८ गुण म्हणजे डी आणि ६९ पासून सी. एका गुणाने घर आत किंवा बाहेर होऊ शकते, म्हणून हा कागद नुसता अक्षर पाहून मिटवू नये.

त्या कागदावर भिंती, छत, खिडक्या, गरम पाणी अशा प्रत्येक भागासमोर एकेक ओळ असते. भिंतींच्या ओळीत शेवटी कंसात ‘असम्ड’ असा शब्द असेल, तर त्याचा अर्थ तपासणी करणाऱ्याला भिंतीच्या आत काय आहे ते दिसले नाही आणि त्याने घराच्या बांधकामाच्या काळावरून अंदाज बांधला. असा अंदाज चुकीचा असू शकतो. आठ वर्षांपूर्वीच्या ईपीसीत ज्या पोटमाळ्यावर इन्सुलेशन नाही असे लिहिले आहे, तिथे मधल्या मालकाने ते घातलेलेही असू शकते. योजनेचा सर्व्हे होतो तेव्हा हे सगळे पुन्हा मोजले जाते, आणि कागदावरच्या डीचे प्रत्यक्षात सी निघाले तर अर्ज तिथेच संपतो. ते आधीच कळलेले बरे.

भिंत कोणत्या प्रकारची आहे, हे मात्र घराबाहेर उभे राहून पाच मिनिटांत बऱ्यापैकी ओळखता येते. साधारण १९२० नंतर बांधलेल्या ब्रिटिश घरांच्या बाहेरच्या भिंती बहुधा दुहेरी असतात आणि दोन भिंतींच्या मध्ये पोकळी असते. त्याआधीच्या बहुतेक भिंती सलग विटांच्या. विटांचा गिलावा नसलेला भाग पाहावा. सगळ्या विटा लांबीच्या बाजूने दिसत असतील तर भिंत बहुधा पोकळीची. एक लांब, एक आखूड, अशी आलटून-पालटून रचना असेल तर ती सलग भिंत. गिलावा असल्यास दरवाजाच्या किंवा खिडकीच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजावी: २६० मिलिमीटरपेक्षा जास्त जाडीची विटांची भिंत बहुधा पोकळीची असते, त्याहून बारीक असेल तर सलग. हा भेद महत्त्वाचा, कारण पोकळी भरण्याचे काम एका दिवसात आटोपते आणि खर्च काही हजार पौंडांत राहतो. सलग भिंतीला मात्र आतून किंवा बाहेरून जाड थर चढवावा लागतो आणि बाहेरून केल्यास खर्च सहज दहा हजार पौंडांच्या पुढे जातो. पोटमाळ्याचे इन्सुलेशन या सगळ्यांत स्वस्त, आणि इन्सुलेशन नसलेल्या घराची सुमारे पाव उष्णता छतावाटेच जात असल्याने सर्वांत आधी करण्याजोगे.

काउन्सिलमार्फत मिळणारी मदत

इंग्लंडमध्ये बेनिफिट नसलेल्या कुटुंबाने आज सर्वांत आधी पाहावी अशी योजना म्हणजे वॉर्म होम्स: लोकल ग्रँट. ती एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२८ पर्यंत चालणार आहे. केंद्र सरकार पैसा देते आणि स्थानिक काउन्सिल किंवा काउन्सिलांचा गट तो खर्च करतो. ग्रेटर मँचेस्टर आणि वेस्ट मिडलँड्समध्ये तेथील संयुक्त प्राधिकरणांकडे हा निधी स्वतंत्रपणे दिलेला आहे. घर खासगी मालकीचे, म्हणजे स्वतः राहते किंवा खासगी भाड्याने दिलेले हवे, आणि ईपीसी डी ते जी या श्रेणीत हवे. ऊर्जा वाचवणाऱ्या कामांसाठी एका घरामागे १५,००० पौंडांपर्यंत आणि हीट पंपासारख्या (बाहेरची उष्णता घरात आणणारे विजेवरचे यंत्र) कमी कार्बनच्या हीटिंगसाठी त्याहून वेगळे १५,००० पौंडांपर्यंत, अशा खर्चाच्या मर्यादा आहेत. ही रक्कम तुमच्या खात्यात येत नाही. काउन्सिलने नेमलेला कंत्राटदार घर तपासतो, घराला काय लागते ते ठरते, काम होते आणि त्याचे पैसे परस्पर चुकते होतात. ‘मला फक्त खिडक्या बदलून हव्यात’, असे म्हणून हा पैसा मिळत नाही.

या योजनेत शिरण्याच्या वाटा तीन आहेत आणि बेनिफिट ही त्यांतली एकच. दुसरी वाट उत्पन्नाची: घरातील सर्वांचे मिळून करापूर्वीचे वार्षिक उत्पन्न ३६,००० पौंड किंवा त्याहून कमी असेल तर कुटुंब पात्र ठरते. शिवाय घराचे भाडे किंवा मॉर्गेजचा हप्ता वजा केल्यावर काय उरते आणि त्यावर किती माणसे जगतात, हे पाहण्याचीही सोय आहे, त्यामुळे मोठ्या कुटुंबाचे उत्पन्न ३६,००० च्या वर असले तरी अर्ज आपोआप बाद होत नाही. हा भाग काउन्सिलच्या संकेतस्थळावर अनेकदा एखाद्या ओळीतच उरकलेला असतो. म्हणून आकडा थोडा वर जात असेल तर ‘हाउसिंग कॉस्ट वजा करून पाहता येईल का’, असे स्पष्ट विचारावे.

तिसरी वाट ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. सरकारने इंग्लंडमधील कमी उत्पन्नाच्या भागांची पोस्टकोडनिहाय यादी केलेली आहे. तुमचे घर त्या यादीतील पोस्टकोडमध्ये असेल आणि घराची श्रेणी अट पूर्ण करत असेल, तर तुमचे स्वतःचे उत्पन्न तपासले जात नाही. स्लाऊ, लेस्टर किंवा मँचेस्टरसारख्या ठिकाणी पहिले घर घेताना आपण अनेकदा बजेटमध्ये बसणारा भाग निवडतो. रस्त्याच्या एका बाजूचा पोस्टकोड यादीत आणि दुसऱ्या बाजूचा बाहेर, असेही होते. म्हणून अंदाज न बांधता पोस्टकोड टाकून पाहणे एवढेच शहाणपणाचे.

उत्पन्नाच्या वाटेचा विचार करताना आपल्या लोकांचे दोन गट पडतात. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै २०२५ पासून सर्वसाधारण किमान पगार ४१,७०० पौंड झाला आहे, त्यामुळे नव्याने आलेल्या आयटीतील कुटुंबांचा आकडा बहुधा ३६,००० च्या पुढेच असतो. एनएचएसमधील बँड ५ च्या नर्सचा इंग्लंडमधील सुरुवातीचा पगार मात्र २०२५-२६ मध्ये ३१,००० पौंडांच्या आसपास होता. घरात कमावणारी ती एकटीच असेल तर कुटुंब सरळ मर्यादेत बसते. निवृत्त झालेली, पेन्शन क्रेडिटच्या किंचित वर असलेली जुनी मंडळी हाही असाच गट, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. साठ-सत्तरच्या दशकांत येथे आलेले हे लोक जुन्या, सलग विटांच्या घरांत राहतात, बिलाच्या धास्तीने एकाच खोलीत हीटिंग लावतात आणि आपल्याला काही मिळू शकते हे त्यांच्या मनातही येत नाही.

उत्पन्न मोजताना पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या फ्लॅटचे भाडे, भारतातल्या ठेवींचे व्याज हेही उत्पन्नच आहे. फॉर्मवर सही म्हणजे प्रतिज्ञा असते. ते लपवून सरकारी पैसा घेणे ही फसवणूक ठरते. स्वयंरोजगार असलेल्यांकडे साधारणतः एसए३०२ (कर खात्याचा उत्पन्न व कराचा हिशेब), नोकरदारांकडे पी६० (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा व कराचा दाखला) आणि अलीकडच्या पगाराच्या पावत्या मागितल्या जातात. सोबत काउन्सिल टॅक्सचे बिल आणि मालकीचा पुरावा तयार ठेवला की अर्ज अडत नाही.

व्हिसावर असलेल्यांची धास्ती

ज्यांच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे ठरावीक सरकारी मदत घेता येणार नाही, अशी अट आहे त्यांना या सगळ्याची भीती वाटते, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने कायम वास्तव्याच्या नियमांत बदल सुचवले, तेव्हा पब्लिक फंड्स घेतलेल्यांना अधिक वर्षे थांबावे लागेल, असाही प्रस्ताव त्यात होता. पण ‘पब्लिक फंड्स’ म्हणजे सरकारकडून येणारा कोणताही पैसा नव्हे. इमिग्रेशनच्या नियमांत त्याची नावानिशी यादी आहे: युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट, पेन्शन क्रेडिट, पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट, काउन्सिल टॅक्स रिडक्शन आणि अशीच इतर काही. एनएचएसचा उपचार किंवा मुलांची सरकारी शाळा त्या यादीत नाही, तसे घराचे इन्सुलेशनही त्या यादीत नाही.

खरा धोका थोडा बाजूला आहे. इन्सुलेशनसाठी पात्र ठरावे म्हणून एखादा एजंट ‘आधी काउन्सिल टॅक्स रिडक्शनचा अर्ज टाका’ किंवा ‘चाइल्ड बेनिफिट घ्या, मग काम सोपे होते’, असा सल्ला देतो. इन्सुलेशन यादीत नसले तरी या दोन गोष्टी यादीत आहेत, आणि तिथे व्हिसाची अट मोडू शकते. एकट्या राहणाऱ्या प्रौढ व्यक्तीला काउन्सिल टॅक्सवर मिळणारी २५ टक्के सूट ही मात्र वेगळी गोष्ट. ती पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही. नावे सारखी वाटतात म्हणून ही बारीक रेघ लक्षात ठेवावी लागते. शंका असल्यास काउन्सिलकडून कोणत्या वाटेने पात्र धरले हे ईमेलवर लिहून घ्यावे आणि नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला तोच ईमेल दाखवावा. तोंडी आश्वासनाला या विषयात काही किंमत नाही.

बिलांतून चाललेल्या योजना आणि त्यांचा शेवट

गेल्या दहा-बारा वर्षांत येथे ज्या ‘फ्री इन्सुलेशन’च्या जाहिराती दिसल्या, त्यांतील बहुतेकींच्या मागे एनर्जी कंपनी ऑब्लिगेशन, म्हणजे ‘इको’, ही व्यवस्था होती. जानेवारी २०१३ पासून मोठ्या वीज-गॅस कंपन्यांना ठरावीक प्रमाणात घरे सुधारून देणे बंधनकारक झाले आणि त्याचा खर्च त्या कंपन्यांनी सर्व ग्राहकांच्या बिलांतून वसूल केला. म्हणजे बिल भरणाऱ्या प्रत्येकाने, तुम्ही-आम्हीही, त्यात पैसे घातलेले आहेत. ‘फुकटचे कशाला घ्यायचे’ म्हणून संकोच करणाऱ्यांना मी हेच सांगत आलो आहे.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या इको-४ मध्ये बेनिफिट नसलेल्यांसाठी ‘फ्लेक्स’ नावाची सोय होती. त्यात ३१,००० पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेले घर काउन्सिल पुढे पाठवू शकत असे. हृदयविकार, श्वसनाचा विकार, कमी झालेली प्रतिकारशक्ती किंवा हालचालींवर मर्यादा अशा थंडीने बळावणाऱ्या कारणांसाठी एनएचएसकडून शिफारस आणण्याचीही वाट होती, आणि त्या वाटेला उत्पन्नाची अट नव्हती. २०२३ मधील ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीम आणखी मोकळी होती: इंग्लंडमध्ये काउन्सिल टॅक्स बँड (घराच्या किमतीवरून ठरलेला कराचा गट) ए ते डी, स्कॉटलंड व वेल्समध्ये ए ते ई, आणि ईपीसी डी ते जी, एवढ्यावर सर्वसाधारण गटातले घर बसत असे, उत्पन्न विचारले जात नव्हते. त्या बदल्यात बहुधा एकच काम मिळे, आणि काही वेळा खर्चाचा काही भाग स्वतः भरावा लागे.

ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीम ३१ मार्च २०२६ रोजी संपली. इकोची नवी फेरी निघणार नाही, हेही नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. त्यामागे बिले कमी करण्याचा हेतू होता. आता इकोमध्ये उरली आहे ती हाती घेतलेली कामे आवरण्याची शेपूट. म्हणून आजही कोणी दारावर किंवा फोनवर ‘इको-४ मधून सगळे फुकट, आजच सही करा’ असे सांगत असेल, तर योजनेचे नाव, पैसे देणाऱ्या कंपनीचे नाव आणि काउन्सिलचे शिफारसपत्र मागावे. बहुतेक संभाषणे तिथेच संपतात. दारात सही झालीच असेल, तर ग्राहक कायद्याप्रमाणे अशा करारातून सामान्यतः १४ दिवसांच्या आत बाहेर पडता येते.

ब्रिटनमध्ये या योजना येतात आणि जातात, याची सवय ठेवावी. २०१३ ची ग्रीन डील दोन-अडीच वर्षांत आटोपली. सप्टेंबर २०२० मधली ग्रीन होम्स ग्रँट घरमालकांना ५,००० पौंडांपर्यंतची व्हाउचर देत होती. सहा लाख घरांचे लक्ष्य होते आणि मार्च २०२१ मध्ये, लक्ष्याच्या जवळपासही न पोचता, ती अर्जांसाठी बंद झाली. जानेवारी २०२६ मध्ये सरकारने १५ अब्ज पौंडांचा वॉर्म होम्स प्लॅन प्रसिद्ध केला. त्यात कमी उत्पन्नाच्या घरांना थेट मदत आणि इतर घरमालकांना सोलर पॅनेल, बॅटरी, हीट पंप यांसाठी कमी किंवा शून्य व्याजाची कर्जे, अशी दिशा आहे. चांगल्या पगाराच्या कुटुंबाला पुढील काळात अनुदानापेक्षा कर्जच अधिक भेटेल, हे त्यावरून दिसते.

उत्पन्न कितीही असले तरी

कोणत्याही अर्जाशिवाय मिळणारी सवलत म्हणजे व्हॅटची. ग्रेट ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०२२ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत राहत्या घरात इन्सुलेशन बसवून घेण्यावर शून्य टक्के व्हॅट आहे. उत्तर आयर्लंडमध्ये ही सवलत मे २०२३ पासून लागू झाली. मुदतीनंतर दर पाच टक्के होणार आहे. १२,००० पौंडांच्या कामावर २० टक्क्यांच्या हिशेबाने २,४०० पौंड वाचतात, ही लहान रक्कम नाही. अट एवढीच की सामान आणि बसवण्याचे काम एकाच कंत्राटदाराकडून व्हावे. दुकानातून गुंडाळ्या आणून स्वतः पोटमाळ्यावर पसरल्या तर त्या सामानावर २० टक्के व्हॅट द्यावाच लागतो. कोटेशनमध्ये इन्सुलेशनवर २० टक्के लावलेले दिसले तर कारण विचारावे. लहान ठेकेदारांना हा नियम कित्येकदा ठाऊक नसतो.

स्कॉटलंडची व्यवस्था इंग्लंडपेक्षा उदार आहे आणि एडिंबरा किंवा ग्लासगोमधील आपल्या लोकांनी तिचा फायदा घ्यावा. होम एनर्जी स्कॉटलंडमार्फत घरमालकाला, उत्पन्नाची अट न घालता, इन्सुलेशनच्या खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि कमाल ७,५०० पौंड अनुदान मिळू शकते, ग्रामीण भागात ९,००० पर्यंत, आणि उरलेल्या रकमेसाठी बिनव्याजी कर्ज. काम सुरू करण्यापूर्वी मंजुरीचे पत्र हातात असणे आवश्यक आहे. आधी काम आणि मग अर्ज, असे केल्यास काहीही मिळत नाही. वेल्समध्ये नेस्ट ही योजना आहे आणि तीही केवळ बेनिफिटवर अडत नाही, कमी उत्पन्न आणि आजारपण पाहते.

भाडेकरू आणि फ्लॅटवाले

भाड्याच्या घरात मदत मिळत नाही, असे नाही. घरमालकाची संमती लागते. लोकल ग्रँटमध्ये खासगी घरमालकाच्या पहिल्या घराचे काम पूर्ण निधीतून होऊ शकते आणि त्यापुढच्या घरांसाठी त्याला निम्मा वाटा भरावा लागतो. मालकाशी बोलताना हेच आधी सांगितले तर बोलणे सोपे जाते. इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २०२० पासून नोंदवलेली सूट नसल्यास ई श्रेणीखालचे घर भाड्याने देता येत नाही, आणि भाडेकरूने अनुदानातून होणाऱ्या सुधारणेची लेखी मागणी केल्यास मालकाला सबळ कारणाशिवाय ती नाकारता येत नाही, असाही नियम आहे. लीजहोल्ड, म्हणजे दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतलेला, फ्लॅट असेल तर छत आणि बाहेरच्या भिंती बहुधा फ्रीहोल्डरच्या, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाच्या, असतात. अशा वेळी सगळ्या इमारतीने मिळून अर्ज करावा लागतो, आणि तेथे घोडे बरेचदा अडते.

सर्व्हेच्या दिवशी

मदत मंजूर झाली की विषय संपला, असे मानणे महागात पडू शकते. जानेवारी २०२५ मध्ये भिंतींचे काम निकृष्ट आढळल्याने ३९ कंत्राटदारांना निलंबित करण्यात आल्याचे सरकारने जाहीर केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितले की इको-४ आणि ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीममध्ये बाहेरून थर चढवलेल्या ९८ टक्के घरांत दुरुस्ती लागेल असे गंभीर दोष आहेत. आतून थर दिलेल्या घरांत हे प्रमाण २९ टक्के होते. पोटमाळा आणि पोकळीच्या कामांना हे आकडे लागू नाहीत, पण सलग भिंतीच्या घरात राहणाऱ्याने ते डोळ्यांआड करू नयेत.

अनुदानाच्या कामांना पास २०३५ नावाचे मानक लागू असते. त्यानुसार आधी रेट्रोफिट असेसर घरी येतो. तो पोटमाळ्याचे झाकण उघडून आतल्या थराची जाडी मोजतो, भिंतींवर ओलीचे डाग शोधतो, खिडक्यांच्या वरच्या हवेच्या फटी आणि स्वयंपाकघर-बाथरूममधले पंखे चालतात का ते पाहतो, आणि घरात किती माणसे राहतात हे विचारतो. पोकळीच्या भिंतीत शंका असेल तर विटांमधल्या चुन्यात बारीक छिद्र पाडून आत कॅमेऱ्याची नळी घातली जाते. हा माणूस दहा मिनिटांत फोटो काढून निघून गेला तर ते चांगले लक्षण नव्हे.

पंख्यांचा प्रश्न आपल्या घरांत विशेष महत्त्वाचा आहे. दिवसातून दोनदा कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, हिवाळ्यात रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, यांची वाफ आधी फटींतून बाहेर जात होती. फटी बुजवल्या आणि पंखा ‘आवाज करतो’ किंवा ‘गार वारा आणतो’ म्हणून बंद ठेवला, की ती वाफ सर्वांत थंड कोपऱ्यात पाणी होऊन बसते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. भिंतीतले इन्सुलेशन भिजले तर ते ओल्या स्वेटरसारखे निरुपयोगी होते. म्हणून असेसरने नवा पंखा सुचवला तर नाही म्हणू नये, आणि आपण स्वयंपाक किती आणि कसा करतो हे त्याला मोकळेपणाने सांगावे. भिंतीला आधीच ओल असेल, गटाराची पन्हळ गळत असेल, तर ते दुरुस्त झाल्याशिवाय पोकळी भरू देऊ नये.

पोटमाळ्याचे काम झाल्यावर स्वतः वर जाऊन पाहावे. आज सर्वसाधारणपणे २७० मिलिमीटर जाडीचा थर घालतात: पहिला तुळयांच्या मध्ये आणि दुसरा त्यांवर आडवा. वळचणीपाशी हवा खेळायला जागा सोडलेली हवी, झाकणाच्या आतल्या बाजूलाही थर हवा, आणि पाण्याची टाकी असेल तर टाकीच्या खाली इन्सुलेशन नको, म्हणजे खालची थोडी ऊब तिला मिळून पाणी गोठत नाही. बॅगा पुन्हा ठेवण्यासाठी त्या थरावर थेट फळ्या दाबून बसवू नयेत. दबलेला थर निम्म्या कामाचा राहतो. छताच्या आतून फेस फवारून देणारे जे स्प्रे फोम आहे, ते कोणी स्वस्तात देऊ केले तरी मी घेऊ नका असेच म्हणेन, कारण त्यामुळे लाकूड तपासता येत नाही आणि अनेक बँका अशा घरावर मॉर्गेज द्यायला तयार नसतात.

कंत्राटदार ट्रस्टमार्कच्या (घरकामाच्या दर्जासाठीची सरकारमान्य नोंदणी योजना) यादीत आहे का, हे सही करण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावे. पत्रकावरचे बोधचिन्ह पुरेसे नाही. काम संपल्यावर तीन कागद मागून घ्यावेत: ट्रस्टमार्कचे प्रमाणपत्र, भिंतीच्या कामाची साधारण २५ वर्षांची हमी, आणि नव्या श्रेणीचे ईपीसी. हमीपत्र कंत्राटदाराने दिले नाही तर हमी देणाऱ्या संस्थेकडे घराच्या पत्त्यावरून नोंद झाली आहे का ते विचारता येते. घर विकताना खरेदीदाराचा सॉलिसिटर हे तिन्ही कागद मागतो, आणि तोपर्यंत कंत्राटदाराची कंपनी चालू असेलच, असे नाही.